गाईची पावलं

बकुळ टाकीच्या काठावर दोन्ही कोपरं टेकून उभी होती आणि पाण्यात पोहणाऱ्या उंदराला ओरडून सांगत होती, "अरे इकडं! इकडं वळ की!"

"बकू, हळू. त्याला ऐकू येतं. प्रयोग बिघडेल."

"बिघडू दे. बुडेल ना तो."

"बुडत नाही. उंदरांना पोहता येतं."

"आणि पाण्यात दूध कशाला घातलंय? वाया."

"दुधाची पावडर आहे. पाणी पांढरं झालं की खालचा चौथरा दिसत नाही."

"मग त्याला तो सापडणार कसा?"

"आठवून. काल इथंच पोहला, परवाही इथंच. चौथरा कुठं होता ते आठवून तिथं जायचं."

उंदीर टाकीच्या कडेकडेनं गोल फिरत होता. चौथरा मध्यभागाच्या जरा पलीकडे, पाण्याखाली बोटभर खोल होता. उंदीर त्याच्या जवळून गेला आणि पुढं गेला.

"मला हा प्रयोग आवडला नाही," बकुळ म्हणाली.

ही तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तेव्हा मिरजेच्या एका प्रयोगशाळेत काम करत होते. उंदरांची काही पिल्लं जन्मल्यानंतर लगेच, थोडा वेळ, कमी ऑक्सिजनच्या हवेत ठेवलेली असत. ती वाढायची, धष्टपुष्ट व्हायची, बाकीच्यांपासून ओळखूही येत नसत. ओळखू यायची ती या टाकीत. बाकीचे उंदीर चार दिवसांत चौथऱ्याकडे सरळ जायला शिकत. यांच्यासाठी रोजचा दिवस पहिला असे.

रविवारी उंदरांना सुट्टी नसते. म्हणून रविवारी मी बकुळला सांगलीहून बसनं बरोबर घेऊन येत असे. माझी धाकटी बहीण, तेव्हा एकोणीस वर्षांची. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि बकुळला घरी एकटं ठेवत नसू.

मी उंदराला बाहेर काढून पुसलं आणि शेवटच्या चाचणीची तयारी केली. या चाचणीत चौथऱ्यावर तारेला चिकटवलेला एक लाल कागदी झेंडा उभा करायचा असतो. उंदराला नीट दिसतं का, हातपाय नीट चालतात का, एवढंच तपासायचं. मी तोच उंदीर पुन्हा पाण्यात सोडला. त्यानं एकदा मान वळवली, सरळ झेंड्याकडे पोहत गेला, चौथऱ्यावर चढला आणि मिशा पुसू लागला.

बकुळनं टाळ्या वाजवल्या.

"बघ! त्याला सगळं येतं. तुम्हीच लपवून ठेवत होता."

ती चाचणी मी कितीतरी वेळा केली होती. 'दृष्टी व हालचाल ठीक' एवढं म्हणून पुढच्या उंदराकडे वळत असे. त्या दिवशी मी झेंडा हातात धरून बराच वेळ उभी राहिले.

*

तानूआत्या, म्हणजे अप्पांची थोरली बहीण, बकुळच्या जन्माच्या वेळी खोलीत होती. ती गोष्ट ती बकुळच्या देखत सांगत असे.

"नाळेचे दोन वेढे होते गळ्याला. निळी पडलेली. सुईणीनं उलटी धरली, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली. आम्ही म्हटलं, गेली. आणि मग कुठं बारीकसं कुरकुरली. रडायला विसरली पोर, तेव्हापासून सगळंच विसरते."

आत्याला ते वाक्य आवडत असे. बकुळही हसायची. तिला दर वेळी ते नवं असायचं.

बकुळ मंद नव्हती, हे सांगायला मला नेहमी फार शब्द लागायचे. तिला कविता पाठ होत्या, पाढे येत होते, कृष्णेला कुठल्या नद्या कुठं मिळतात ते ती क्रमानं सांगे. शब्दांचे अर्थ, रीतीभाती, कोणत्या सणाला काय करतात, हे सारं तिच्याकडे होतं. नव्हता तो कालचा दिवस. काल घरी कोण आलं, सकाळी काय खाल्लं, मघाशी कुठून वळलो, हे तिच्यातून पाण्यासारखं निथळून जायचं. शाळेत गुरुजी म्हणायचे, लक्ष देत नाही. सातवीनंतर शाळा सुटली. मेंदूतल्या ज्या छोट्याशा भागात रोजचे प्रसंग आणि रोजच्या वाटा साठतात, त्याला जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडला तर तो सर्वांत आधी कोमेजतो, हे मला उंदरांनी शिकवलं. माणसांतल्या या प्रकाराला तेव्हा वेगळं नावही नव्हतं, निदान आमच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं.

आदल्या वर्षी ती कढीलिंब आणायला म्हणून गेली आणि संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर सापडली. पत्ता तिला तोंडपाठ होता. तिनं विचारलंही होतं. लोक सांगत, "इथून सरळ जा, मग दुसरं वळण घे," आणि वळणापर्यंत पोचेतो ते तिच्याजवळ राहत नसे. अप्पांनी त्या दिवसापासून तिचं एकटीनं बाहेर जाणं बंद केलं.

आणि आता मला पुण्याला संशोधनाची जागा मिळाली होती. श्रावण संपायच्या आत हजर व्हायचं होतं.

"तू जा," अप्पा म्हणाले. ते हळदीच्या अडतीवर पोत्यांच्या वजनावर असत. त्यांची नखं कायम पिवळी असायची आणि बोलताना ते त्यांच्याकडेच बघायचे. "तुझं अडवायचं नाही मला. बकुळला तानूअक्का नेते म्हणते शिरोळला."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? मी दिवसभर अडतीवर. ही घरात एकटी कशी राहील? तिथं माणसं आहेत, गोठा आहे, हाताला काम मिळेल."

"गोठ्यात शेण काढायचं काम."

"सुनीती," अप्पा म्हणाले. पूर्ण नाव घेतलं की बोलणं संपलेलं असे.

बकुळ दारात उभी होती. "मला नाही जायचं," ती म्हणाली. "आत्या मला 'ए विसरभोळे' म्हणून हाक मारते. माझं नाव बकुळ आहे."

*

हिराताई आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे साड्यांना फॉल-पिको करून देत. आईची मैत्रीण. बकुळचा टाका त्यांना माहीत होता, आईनंच तिला शिकवला होता. हातानं शिकलेलं बकुळ विसरत नसे. टाके बारीक, एका मापाचे, आणि उलट्या बाजूला दिसणारही नाहीत असे.

"ठेवते की," हिराताई मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या. "प्रत्येक साडीच्या घडीतच तिचा फॉल ठेवलेला असतो. लक्षात ठेवायचं काही नाही. दिवसभर इथं बसू दे, जेवू दे माझ्याबरोबर. पण यायचं-जायचं तिचं तिनं. कुणी हात धरून पोचवायला आलेलं चालायचं नाही मला."

"हिराताई, तीच तर अडचण आहे."

"मग ती तू सोडव. तू शिकलेली. माझ्याकडे बायका कामाला येतात, पाळणाघर नाही काढलेलं मी."

परत येताना मी झेंडे शोधत आले. दुकानांच्या पाट्या सगळ्या सारख्या. झाडं एकसारखी. मी वैतागून मान खाली घातली, आणि तिथं सगळं होतं.

आषाढी एकादशी नुकतीच झाली होती. चातुर्मास लागला होता, आणि आमच्या भागातल्या बायकांनी आपापले नेम धरले होते. कुणी मीठ सोडलं, कुणी एका वेळचं जेवण. पण पुष्कळजणींचा नेम रांगोळीचा. एकच चित्र, रोज सकाळी, दारातल्या पायरीवर, कार्तिकापर्यंत. आमच्या गल्लीच्या टोकाच्या घरी कासव होतं. तिथून उजवीकडे वळलं की वाटेत एका दारात शंख. आणि पुढच्या कोपऱ्यावर सोवनी वहिनींची पायरी, तिच्यावर गोपद्मं. गाईची पावलं, ओळीनं. तिथून डावीकडे वळलं की समोर हिराताईंचं दुकान.

लाल कागद लावायची गरजच नव्हती. बायका माझ्याआधीच झेंडे लावून बसल्या होत्या.

"कासव दिसलं की जेवायचा हात," मी बकुळला शिकवलं. उजवा-डावा तिला गोंधळात टाकत असे, जेवायचा हात कधी चुकत नसे.

बकुळनं त्याचं दोन दिवसांत गाणं केलं, भोंडल्याच्या चालीवर:

कासवापाशी घासाचा हात,
शंखोबा म्हणे चाल वाटेत,
गाईची पावलं दुसरा हात,
हिराताईंच्या जा दारात.

रोज सकाळी आम्ही जायचो. आधी मी पुढे, ती मागे. मग ती पुढे. मग ती पुढे आणि मी गल्लीभर मागे. परतीचा रस्ता निराळा शिकवावा लागला, कारण तिच्या दृष्टीनं तो निराळाच रस्ता होता. एकदा सायकलवाल्यानं शंख पुसला, ती थांबली, उरलेल्या टोकावरून ओळखून पुढे गेली.

सोवनींच्या खिडकीत वहिनींच्या सासूबाई बसलेल्या असायच्या, माई. नव्वदीच्या पुढच्या. त्या रोज हाक मारायच्या, "ए मुली, कोण गं तू?"

"मी बकुळ. अडतीवरच्या अप्पांची."

"अगंबाई, एवढी मोठी झालीस? ही घे खडीसाखर."

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "ए मुली, कोण गं तू?" आणि बकुळ तितक्याच आनंदानं सांगायची. दोघींची रोज नवी ओळख व्हायची आणि रोज खडीसाखर मिळायची. मी मागून बघत असायचे. त्या दोघींपैकी कुणालाच त्यात काही उणं वाटत नव्हतं.

*

राखीपौर्णिमेला तानूआत्या आली. अप्पांनी तिला ओवाळणीत साडी घातली, मोरपंखी रंगाची, जांभळ्या काठाची. दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं ती जाणार होती, बकुळला घेऊन. बकुळची पिशवी अप्पांनी स्वतः भरून दाराशी ठेवली होती.

निघायच्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "आत्या, साडीला फॉल लावायचाय ना? बकुळ एकटी जाईल हिराताईंकडे, स्वतः फॉल लावून जेवायच्या वेळेपर्यंत साडी घेऊन परत येईल. आली, तर तिला इथंच राहू दे."

"आणि नाही आली तर?"

"तर ने."

"माझी नवी साडी गेली म्हणजे?"

"मी पुण्याहून दुसरी पाठवीन."

आत्यानं अप्पांकडे पाहिलं. "ही रांगोळ्या बघून चालणार म्हणं. पाऊस आला की?"

"पायरीवर पागोळ्यांच्या आत काढतात," मी म्हटलं. मी पावसाचा विचार केला होता. सायकलींचा, कुत्र्यांचा, उशिरा उठणाऱ्या सुनांचा, सगळ्यांचा केला होता.

"आणि कार्तिकात नेम सुटले की? मग काय हिच्यासाठी बारा महिने चातुर्मास?"

"तोवर पाय शिकलेले असतील. पायांचं शिकणं वेगळं असतं, आत्या. हातांसारखं."

"पायाला डोकं असतं होय," आत्या म्हणाली. पण साडी तिनं पुढे केली. अप्पा अडतीवर जायला निघाले होते, ते चप्पल काढून पुन्हा आत येऊन बसले.

बकुळनं साडी छातीशी धरली. दारात वळून मला म्हणाली, "मागं यायचं नाही. उंदराच्या मागं तू पोहतेस का?"

आणि ती गेली. गाणं थोडा वेळ ऐकू येत होतं.

आत्या मोड आलेले पावटे सोलायला बसली. मीही तिच्या ताटातले पावटे घेतले. सालं ताटात राहत होती आणि दाणे बाहेर पडत होते.

"तुझं लक्ष कुठाय?" आत्या म्हणाली. "मी वाईट म्हणून नेत नाही तिला. तुझी आई नाही. भावाचं वय झालं. उद्या ही नदीवर जाऊन बसली, अंधारात, कोण बघणार? मागच्या वेळी चांगला माणूस भेटला म्हणून आली घरी."

ते खरं होतं.

भात झाला. आमटी झाली. अप्पा दोनदा दारापर्यंत जाऊन आले. मग तिसऱ्यांदा गेले आणि तिथंच उभे राहिले. जेवायची वेळ झाली, टळली. आत्यानं पानं वाढली नाहीत. ती उठली, बकुळच्या पिशवीजवळ गेली आणि पिशवीचा बंद उगीचच सोडून पुन्हा बांधला.

"सुनीती," अप्पा म्हणाले, पाठमोरेच. "जा."

मी गेले. कासव होतं. उजवीकडे वळले. शंख होता. मी धावायला लागले होते, बायका दारातून बघत होत्या. कोपऱ्यावर पोचले आणि थांबले.

सोवनींची पायरी कोरी होती.

पुसलेली नव्हे. काढलेलीच नव्हती. रात्रीची धूळ तशीच होती. बाकी सगळ्या दारांत सगळं होतं, फक्त या एका दारात काही नव्हतं, आणि हेच तर वळण होतं. वळलं नाही तर रस्ता सरळ जातो तो घाटावर, आणि तिथून एस.टी. स्टँडकडे. दार पुढं लोटलेलं होतं. खिडकीही बंद होती. आदल्या दोन दिवसांतही ती बंदच होती हे मला त्या क्षणी आठवलं. मी पायरीवरच्या खुणेकडे बघत जात होते, खिडकीकडे माझं लक्ष नव्हतं.

मी घाटाच्या दिशेनं चार पावलं टाकली. मग वाटलं, आधी दुकान. नसेल तर तिथूनच कुणाला तरी सायकलवर पिटाळता येईल. मी डावीकडे वळून धावले.

हिराताई मशीनवर होत्या.

"बकुळ?"

"आली होती की. वेळेवर."

मी दाराच्या चौकटीला धरलं. "आली होती?"

"मग? फॉल लावून झाला. बघ." त्यांनी फळीवरून मोरपंखी साडी काढून दाखवली. "टाका बघ. मला आता असा जमत नाही."

"मग साडी इथं कशी? बकुळ कुठाय?"

"म्हणाली, मला एके ठिकाणी जाऊन यायचंय, नवं कापड तिथं नेत नाहीत, येताना घेते. मी म्हटलं, अगं, तू विसरशील परत यायचं. तर माझं अंगुस्तान बोटात घातलं तिनं." हिराताईंनी आपलं रिकामं बोट वर केलं. "म्हणाली, हे बोटात राहील. बोटात तुमची वस्तू दिसली की मला कळेल, इथं यायचं राहिलंय."

"पण गेली कुठं?"

"ते काही बोलली नाही. मी गिऱ्हाईकात होते."

नवं कापड तिथं नेत नाहीत. मी परत निघाले, ते वाक्य मनात घोळवत. मंदिरात तर नवं आधी नेतात. दवाखान्यात? कोपऱ्यावर पोचले तेव्हा सोवनींचं लोटलेलं दार उघडलं आणि बकुळ बाहेर आली. पायरी उतरताना तिनं मागं वळून पाहिलं नाही. निरोपही घेतला नाही. डोळे लाल होते. उजव्या हाताच्या बोटात अंगुस्तान चमकत होतं.

"बकू!"

"हळू बोल, ताई," ती म्हणाली. "माई गेल्या."

"काय?"

"काल संध्याकाळी. मिरजेला दवाखान्यात होत्या. तिथूनच रात्री परस्पर घाटावर नेलं. वहिनी एकट्याच बसल्यात आत दिव्यापाशी. मी बसले त्यांच्याजवळ. निघताना 'येते' म्हणाले नाही. म्हणत नाहीत ना?"

"नाही म्हणत. पण तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही." तिनं मला खुळ्याला समजवावं तसं समजावलं. "गाईची पावलं नव्हती, आणि सगळ्यांत ही एकच पायरी कोरी. आधी मी घाबरले. मग म्हटलं, गाण्यात पावलं आहेत म्हणजे कुणाचा तरी नेम आहे. नेम असा मोडत नाहीत. ताप आला तरी दुसऱ्या कुणाकडून काढून घेतात. नेम थांबतो तो सुतकात. म्हणजे इथं कुणीतरी गेलंय. म्हणजे नेम होता ते घर हेच." तिनं डावा हात उचलला. "म्हणून दुसऱ्या हाताला वळले."



उंदीर झेंड्याकडे पोहत गेला होता. झेंडा नसता तर तो गोल फिरला असता. बकुळनं नसलेला झेंडा वाचला होता. कालचा दिवस तिच्याजवळ नव्हता, परवाचा नव्हता. पण माणसं नेम का धरतात, तो कशानं मोडतो, मोडला की त्या दारात जाऊन बसायचं असतं, हे सारं तिच्यात शाबूत होतं, आणि भर रस्त्यात, एकटीनं, घाबरलेली असताना तिनं ते उघडून वापरलं होतं.

"आधी वहिनींकडेच गेली असतीस तरी चाललं असतं," मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं.

"काम घेतलेलं आधी पोचवायचं," ती म्हणाली. "विसरू नये म्हणून टाक्याटाक्याला घोकत होते, कोरी पायरी, सुतक." मग तिनं आपल्या बोटाकडे पाहिलं. "हे हिराताईंचं. मला तिथं जायचंय. साडी राहिली असणार."

"चल, मी येते."

"तू थांब इथं. मागं यायचं नाही."

मी थांबले. ती गेली, साडी घेऊन आली आणि माझ्या हातात दिली.

*

अप्पा गल्लीच्या तोंडाशी, कासवाच्या पायरीजवळ उभे होते. बकुळला बघून त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, तोंड पुसलं आणि पुन्हा खांद्यावर टाकला.

दारात आत्या होती. साडी दिसताच तिचा चेहरा सैल झाला, आणि मी सोवनींकडचं सांगितल्यावर पुन्हा ताठ.

"सुतकात नेलीस नवी साडी?"

"नाही, आत्या. साडी हिराताईंकडं होती. पण मी जाऊन आलेय. मला आत घेऊ नको. आंघोळ करायचीय."

आत्यानं साडी माझ्या हातातून घेतली, उलटी केली, फॉलच्या कडेवरून बोट फिरवत शेवटपर्यंत नेलं. बोट कुठं अडलं नाही.

"मागच्या दारानं ये," ती बकुळला म्हणाली. "न्हाणीत पाणी काढते. गरम."

पाणी स्वतः आत्यानं घातलं, डोक्यावरून. आतून तिचा आवाज येत होता, "मान खाली कर. अजून. ह्या केसांची काळजी कोण घेतं गं? काय नाव म्हटलंस त्या म्हातारीचं?"

"माई."

"चांगल्या होत्या?"

"मला खडीसाखर द्यायच्या," बकुळ म्हणाली. मग जरा थांबून, "द्यायच्या, असं वाटतंय."

केस पंच्यात गुंडाळून बकुळ बाहेर आली तशी आत्या अप्पांपुढे उभी राहिली. पदर खोचलेला, हात ओले.

"अरे, एवढी म्हातारी बाई गेली तुझ्या शेजारची, तुला ठाऊक नाही. तुझ्या या शिकलेल्या पोरीला ठाऊक नाही. कळलं ते हिला एकटीला, आणि जाऊन बसलीही ही एकटी. हिला मी शिरोळला नेऊन काय शेण काढायला लावू?"

"मी कधी म्हटलं शेण?" अप्पा म्हणाले.

"मी म्हणत होते," आत्या म्हणाली. "पानं घ्या. माझी बस जायची."

निघताना आत्यानं नवी साडी पिशवीत घातली, बकुळची पिशवी उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली, आणि दाराशी येऊन हाक मारली, "बकुळ! येते गं."

तिच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकलं.

श्रावण संपायच्या आत मी पुण्याला गेले. कार्तिकात नेम सुटले, पायऱ्या रिकाम्या झाल्या, आणि बकुळ दुकानात जातच राहिली. तोवर पाय शिकले होते. पुढे हिराताईंचे डोळे गेले तेव्हा दुकान तिनं सांभाळलं. आज तिच्या हाताखाली दोघीजणी आहेत. त्यांची नावं तिनं त्यांच्या मशीनवर रंगीत दोऱ्यानं कापडावर भरून लावली आहेत.

त्या दिवसातलं तिला काही आठवत नाही. ना कोरी पायरी, ना माई, ना आत्यानं घातलेलं पाणी. दर चातुर्मासात मी सांगलीला जाते तेव्हा ती दुकानात मला स्टुलावर बसवते आणि म्हणते, "ताई, ती माझी गोष्ट सांग." मी सांगते. ती हातातलं काम न थांबवता ऐकते. सोवनींची पायरी आली की मात्र सुई थांबते.

"काहीच नव्हतं तिथं?"

"काहीच नव्हतं."

"मग? पोचले मी?"

"पोचलीस."

ती थोडा वेळ विचार करते. कशी पोचले, ते स्वतःशीच जुळवून बघते. दर वर्षी जुळतं.

"हुशार होते गं मी," बकुळ म्हणते, अंगुस्तान बोटात घट्ट करते, आणि पुढचा टाका घालते.